६१७४ (संख्या)

६१७४ (सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर) ही ६१७३ नंतरची आणि ६१७५ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. दशमान पद्धतीतील एका वैशिष्ट्यपूर्ण गुणधर्मामुळे ती जगभर 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाते. नाशिकजवळील देवळाली येथील शालेय शिक्षक व गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी हा गुणधर्म शोधला.

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा केली आणि आलेल्या वजाबाकीवर हीच कृती पुनःपुन्हा केली, तर जास्तीत जास्त सात टप्प्यांत ६१७४ ही संख्या येते. एकदा ती आली की पुढे तीच येत राहते. या गुणधर्माखेरीज ६१७४ चे विभाजक, अवयव आणि घात यांसंबंधीचे काही अंकगणिती गुणधर्मही उल्लेखनीय आहेत.

## कापरेकर कृती

कृतीच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. चारही अंक समान नसतील अशी एक चार अंकी संख्या घ्यावी. ११११, २२२२ यांसारख्या संख्या चालत नाहीत. मात्र दोन किंवा तीन अंक समान असले तरी चालते.

२. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून सर्वांत मोठी संख्या तयार करावी.

३. तेच अंक चढत्या क्रमाने मांडून सर्वांत लहान संख्या तयार करावी. अंकांत शून्य असल्यास ते डावीकडे कायम ठेवावे. उदाहरणार्थ, ५२०० ची उलट मांडणी ००२५ अशी लिहावी.

४. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी.

५. वजाबाकी तीन अंकी आली, तर तिच्या डावीकडे शून्य लिहून ती चार अंकी करावी आणि पुन्हा दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी.

### उदाहरणे

३५२४ या संख्येपासून तीन टप्प्यांत ६१७४ मिळते.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ हीच संख्या घेतली, तर पूर्ण सात टप्पे लागतात.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

शेवटच्या ओळीतील ७६४१ आणि १४६७ या दोन्ही संख्या ६१७४ च्याच अंकांच्या मांडण्या आहेत. त्यामुळे ६१७४ वर ही कृती केली असता पुन्हा ६१७४ येते. ज्या संख्येवर एखादी कृती केल्यानंतर तीच संख्या परत मिळते, तिला गणितात त्या कृतीचा 'स्थिर बिंदू' म्हणतात.

डावीकडील शून्य कायम ठेवण्याचे महत्त्व २१११ या संख्येवरून स्पष्ट होते. २१११ − १११२ = ९९९. ही वजाबाकी तीन अंकी मानली, तर पुढची वजाबाकी शून्य येते आणि कृती तेथेच संपते. ती ०९९९ अशी लिहिली, तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा क्रम मिळतो.

## गुणधर्माची सिद्धता

कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी शेवट एकच असणे हे प्रथमदर्शनी गूढ वाटते. तथापि, त्यामागील कारण शालेय बीजगणिताच्या साहाय्याने पूर्णपणे उलगडता येते.

### वजाबाकीचे सूत्र

घेतलेल्या संख्येचे अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ आहेत असे मानू. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ आणि लहान संख्या १०००घ + १००ग + १०ख + क होईल. त्यांची वजाबाकी अशी येते:

९९९(क − घ) + ९०(ख − ग)

म्हणजेच वजाबाकी चार अंकांवर स्वतंत्रपणे अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधील फरकाला प (प = क − घ) आणि मधल्या दोन अंकांमधील फरकाला फ (फ = ख − ग) म्हणू. चारही अंक समान नसल्यामुळे प ची किंमत १ ते ९ यांपैकी असते. ख आणि ग हे अंक क आणि घ यांच्या दरम्यानच असल्यामुळे फ ची किंमत ० ते प यांपैकी असते.

प = १ असताना फ च्या २ किमती शक्य असतात, प = २ असताना ३, आणि याप्रमाणे प = ९ असताना १०. यांची बेरीज २ + ३ + ४ + … + १० = ५४ होते. आरंभीच्या हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीनंतर अशा रीतीने अवघ्या ५४ शक्यतांमध्ये सामावल्या जातात. गूढाचा मोठा भाग येथेच सुटतो.

### चोपन्नांपासून तिसांपर्यंत

फ ची किंमत शून्य नसेल, तर हातचे विचारात घेऊन वजाबाकीचे अंक पुढीलप्रमाणे येतात: हजारस्थानी प, शतकस्थानी फ − १, दशकस्थानी ९ − फ आणि एककस्थानी १० − प. यांतील हजार व एकक या स्थानांच्या अंकांची बेरीज नेहमी १० आणि शतक व दशक या स्थानांच्या अंकांची बेरीज नेहमी ८ असते. ६१७४ मध्येही ६ + ४ = १० आणि १ + ७ = ८ आहे. फ शून्य असेल, तर वजाबाकीचे अंक प − १, ९, ९ आणि १० − प असे येतात.

पुढच्या टप्प्यात अंकांचा क्रम पुन्हा बदलायचाच असल्यामुळे त्यांचा मूळ क्रम महत्त्वाचा राहत नाही. त्यामुळे प = ३ आणि प = ७ यांसारख्या शक्यता बहुधा एकाच अंकसमूहाकडे नेतात; दोहोंतही ३ आणि ७ हेच अंक येतात. अशा रीतीने एकत्र येणाऱ्या शक्यता वगळल्या, तर तपासण्यासाठी केवळ ३० अंकसमूह उरतात.

### सर्व शक्यतांची तपासणी

उरलेल्या शक्यता एकेक करून तपासता येतात. पुढील तक्त्यात (प, फ) या सर्व ५४ जोड्या, त्यांना लागणाऱ्या टप्प्यांनुसार दिल्या आहेत. शेवटच्या रकान्यात ०००० ते ९९९९ या मांडण्यांपैकी (डावीकडील शून्ये धरून) त्या ओळीत येणाऱ्या मांडण्यांची संख्या आहे.

| टप्पे | (प, फ) जोड्या | मांडण्यांची संख्या |
|---|---|---|
| १ | (६,२) | ३८४ |
| २ | (४,२), (८,४), (८,६) | ५७६ |
| ३ | (२,१), (३,१), (४,३), (६,३), (७,१), (७,४), (७,६), (८,१), (९,२), (९,३), (९,७), (९,८) | २४०० |
| ४ | (१,१), (२,०), (४,०), (४,४), (६,४), (६,६), (७,०), (९,०), (९,१), (९,९) | १२७२ |
| ५ | (१,०), (३,२), (५,३), (५,४), (५,५), (६,५), (७,२), (७,५), (८,३), (८,७) | १५१८ |
| ६ | (२,२), (३,०), (३,३), (५,०), (६,०), (७,३), (७,७), (८,०), (८,२), (८,८) | १६५६ |
| ७ | (४,१), (५,१), (५,२), (६,१), (८,५), (९,४), (९,५), (९,६) | २१८४ |

तक्ता पडताळण्याची रीत सोपी आहे. कोणत्याही जोडीवरून वजाबाकी काढावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून नवी जोडी काढावी. ही नवी जोडी नेहमी लगतच्या वरच्या ओळीत सापडते. उदाहरणार्थ, (९,४) ही जोडी घेतल्यास वजाबाकी ९९९ × ९ + ९० × ४ = ९३५१ येते. तिचे अंक ९, ५, ३, १ असे लावल्यास नवी जोडी (८,२) मिळते आणि ती सहा टप्प्यांच्या ओळीत आहे. अशा प्रकारे प्रत्येक जोडी ओळीने वर सरकत (६,२) या जोडीपाशी पोहोचते. ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४ असल्यामुळे आणि ६१७४ ची स्वतःची जोडीही (६,२) हीच असल्यामुळे प्रवास तेथे थांबतो. सर्व ५४ जोड्या तक्त्यात आल्या असल्याने याव्यतिरिक्त दुसरा स्थिर बिंदू किंवा चक्र असू शकत नाही. येथे सिद्धता पूर्ण होते.

पहिल्या ओळीतील ३८४ मांडण्यांमध्ये खुद्द ६१७४ चाही समावेश आहे. सर्व ओळींची बेरीज ९९९० होते. उरलेल्या १० मांडण्या ००००, ११११ ते ९९९९ या समान अंकांच्या आहेत. सर्वाधिक, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश मांडण्यांना तीन टप्पे लागतात, तर सात टप्पे लागणाऱ्या मांडण्या पाचव्या हिश्श्याहून थोड्या अधिक आहेत.

सूत्रातील ९९९ आणि ९० या दोन्ही संख्या ९ ने विभाज्य आहेत. त्यामुळे कृतीत येणारी प्रत्येक वजाबाकी ९ च्या पटीतच असते. वजाबाकीच्या अंकांची बेरीज फ शून्य नसताना १८ आणि फ शून्य असताना २७ येते. हातचा चुकला तर ही बेरीज बहुधा बिघडते. म्हणून हाताने कृती करताना प्रत्येक ओळ तपासण्यासाठी हा ताळा उपयोगी पडतो.

## अन्य अंकसंख्यांच्या बाबतीत

### दोन आणि तीन अंक

दोन अंकी संख्यांना स्थिर बिंदू नाही. भिन्न अंकांची कोणतीही दोन अंकी संख्या घेतली, तरी शेवटी ०९ → ८१ → ६३ → २७ → ४५ → ०९ या चक्रात ती फिरत राहते.

तीन अंकी संख्यांसाठी ४९५ ही संख्या ६१७४ चे स्थान घेते (९५४ − ४५९ = ४९५). येथील सिद्धता अधिक सोपी आहे. वजाबाकी ९९(क − ग) इतकी, म्हणजे केवळ पहिल्या व शेवटच्या अंकांमधील फरकावर अवलंबून असते. तो फरक ९ असेल तर पुढे ८, मग ७, मग ६ आणि शेवटी ५ असा होत जातो. तो १ असेल तर पुढे ९ होतो, २ असेल तर ८, ३ असेल तर ७ आणि ४ असेल तर ६ होतो. फरक ५ झाला की वजाबाकी ९९ × ५ = ४९५ येते. यासाठी जास्तीत जास्त सहा टप्पे लागतात.

### पाच आणि त्याहून अधिक अंक

पाच अंकी संख्यांना स्थिर बिंदू नाही. त्या पुढील तीन चक्रांपैकी एकात अडकतात.

- ५३९५५ → ५९९९४ → ५३९५५
- ६१९७४ → ८२९६२ → ७५९३३ → ६३९५४ → ६१९७४
- ६२९६४ → ७१९७३ → ८३९५२ → ७४९४३ → ६२९६४

सहा अंकी संख्यांना ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिर बिंदू आहेत. शिवाय सात संख्यांचे एक चक्रही आहे. त्यामुळे सर्व सहा अंकी संख्यांचा शेवट एकसारखा होत नाही. ६३१७६४ ही संख्या ६१७४ मध्ये पहिल्या अंकानंतर ३ आणि शेवटच्या अंकापूर्वी ६ घालून तयार होते. हीच रीत पुढे चालू ठेवल्यास ६३३१७६६४ (आठ अंकी) आणि ६३३३१७६६६४ (दहा अंकी) हे स्थिर बिंदू मिळतात.

सर्व पात्र संख्यांना एकाच बिंदूकडे नेणारी ही स्थिती दशमान पद्धतीत तीन व चार अंकी संख्यांपुरतीच आढळते. ४९५ आणि ६१७४ यांचे वेगळेपण त्यात आहे.

### अन्य पायांच्या पद्धती

कापरेकर कृती अंकांवर होत असल्यामुळे तिचा परिणाम संख्या कोणत्या पायात लिहिली आहे यावर अवलंबून असतो. पाच हा पाया असलेल्या पद्धतीत (केवळ ०, १, २, ३, ४ हे अंक वापरून) ३३२० − ०२३३ = ३०३२ होते; म्हणजे तेथे ३०३२ हा स्थिर बिंदू आहे. दशमान पद्धतीत त्याची किंमत ३९२ भरते. याउलट ६१७४ ही संख्या पाच पायाच्या पद्धतीत १४४१४४ अशी सहा अंकी लिहिली जाते आणि तेथे चार अंकी कृतीशी तिचा संबंध राहत नाही.

## अंकगणिती गुणधर्म

पुढीलपैकी बहुतेक गुणधर्म संख्येच्या मूल्याशी संबंधित असून ती कोणत्याही पायात लिहिली तरी बदलत नाहीत.

मूळ अवयव. ६१७४ = २ × ३² × ७³. तिचा एकही मूळ अवयव ७ पेक्षा मोठा नाही. अवयवांत ७ चा घन असल्यामुळे सात पायाच्या पद्धतीत ही संख्या २४००० अशी सुटसुटीत दिसते.

विभाजक. तिला २४ विभाजक आहेत: १, २, ३, ६, ७, ९, १४, १८, २१, ४२, ४९, ६३, ९८, १२६, १४७, २९४, ३४३, ४४१, ६८६, ८८२, १०२९, २०५८, ३०८७ आणि ६१७४. त्यांची बेरीज १५६०० होते. स्वतः ६१७४ वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज ९४२६ येते. ती मूळ संख्येपेक्षा मोठी असल्यामुळे ६१७४ ही विपुल संख्या आहे.

घातांची बेरीज. ६१७४ = १८³ + १८² + १८ = ५८३२ + ३२४ + १८. योगायोगाने ६१७४ च्या अंकांची बेरीजही १८ आहे.

हर्षद संख्या. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव कापरेकर यांनीच दिले आहे. ६१७४ ÷ १८ = ३४३ असल्यामुळे ६१७४ ही हर्षद संख्या आहे आणि भागाकार ७ चा घन येतो. हा गुणधर्म मात्र दशमान लेखनावर अवलंबून आहे.

मूळ अवयवांच्या वर्गांची बेरीज. प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा येतो तितक्या वेळा घेतल्यास २² + ३² + ३² + ७² + ७² + ७² = १६९ = १३² अशी पूर्ण वर्ग बेरीज मिळते.

सहमूळ संख्या. १ ते ६१७४ या संख्यांपैकी ज्यांचा ६१७४ शी १ खेरीज सामाईक विभाजक नाही, अशा संख्या १७६४ आहेत. १७६४ हा ४२ चा वर्ग आहे आणि त्याचे अंक ६१७४ चेच अंक आहेत. त्यामुळे १७६४ वर कापरेकर कृती केल्यास एकाच टप्प्यात ६१७४ येते.

वर्गांच्या रूपात मांडणी. ६१७४ ला ४ ने भागल्यास बाकी २ उरते. म्हणून ती दोन पूर्ण वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता येत नाही. अवयवांत ७ चा घात विषम असल्यामुळे ती दोन पूर्ण वर्गांची बेरीजही नाही. तीन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मात्र ती मांडता येते: ७² + ३५² + ७०² = ६१७४, तसेच ७² + १४² + ७७² = ६१७४.

द्विमान लेखन. द्विमान पद्धतीत ६१७४ ही संख्या ११००००००११११० अशी तेरा अंकी लिहिली जाते.

## नावाविषयी

'कापरेकर स्थिरांक' आणि 'कापरेकर संख्या' या दोन वेगळ्या संकल्पना असून त्यांची अनेकदा गल्लत होते. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून ते मिळवले असता पुन्हा तीच संख्या येते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. उदाहरणार्थ, २९७² = ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७; तसेच ७०३² = ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. चार अंकी संख्यांपैकी २२२३ ही कापरेकर संख्या आहे, कारण २२२३² = ४९४१७२९ आणि ४९४ + १७२९ = २२२३.

६१७४ ही या अर्थाने कापरेकर संख्या नाही. तिचा वर्ग ३८११८२७६ असून ३८११ + ८२७६ = १२०८७ येतात. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या स्वयंभू संख्यांमध्येही तिचा समावेश होत नाही. एखाद्या लहान संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होऊ शकत नाही, ती स्वयंभू संख्या होय. ६१५६ मध्ये तिच्या अंकांची बेरीज १८ मिळवल्यास ६१७४ तयार होते.

## शोधाचा इतिहास

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाणे येथे आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शिक्षक म्हणून काम केले. पदव्युत्तर शिक्षण किंवा विद्यापीठातील संशोधनपद त्यांना लाभले नाही; अध्यापन सांभाळून त्यांनी संख्यांचा छंद आयुष्यभर जोपासला.

६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत मांडला. त्यानंतर १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकेतून निघणाऱ्या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तरीही भारतातील गणित वर्तुळात त्यांच्या कामाची दखल दीर्घकाळ बेताचीच घेतली गेली. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या गणितविषयक सदरात कापरेकर यांच्या कार्याविषयी लिहिले आणि त्यानंतर ६१७४ ही संख्या आंतरराष्ट्रीय पातळीवर परिचित झाली. तोवर कापरेकर निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

## मूल्यमापन

अंकांच्या मांडणीवर आधारलेल्या गुणधर्मांना गणितात किती महत्त्व द्यावे, याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' (१९४०) या पुस्तकात अशा गुणधर्मांची उदाहरणे देऊन, ते कोड्यांच्या सदरांसाठी योग्य असले तरी गणितज्ञाला आकर्षित करणारे नाहीत, असे मत मांडले होते. ८७१२ ही २१७८ या उलट्या संख्येची चौपट आहे, हे त्यांपैकी एक उदाहरण. असे गुणधर्म व्यापक सिद्धान्ताकडे नेत नाहीत, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. हार्डी यांचे पुस्तक ६१७४ च्या शोधापूर्वीचे असले, तरी कापरेकर यांच्या संशोधनाबाबतही हा आक्षेप उपस्थित होऊ शकतो.

६१७४ चा गुणधर्म दशमान पद्धतीशी बांधलेला आहे, हे वर दिलेल्या पाच पायाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तथापि, त्यातून निघणारे प्रश्न एका संख्येपुरते मर्यादित राहत नाहीत. कोणत्या पायात आणि किती अंकांसाठी स्थिर बिंदू असतो, तो एकच कधी असतो आणि चक्रे केव्हा निर्माण होतात, या प्रश्नांवर गणितज्ञांनी पुढे अभ्यास केला आहे. एकच कृती पुनःपुन्हा केल्यावर होणाऱ्या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेत स्थिर बिंदू आणि चक्र या मूलभूत संकल्पना आहेत; ६१७४ हे त्यांचे केवळ वजाबाकी येणाऱ्यालाही समजेल असे उदाहरण आहे.

६१७४ ला 'जादुई' किंवा 'गूढ' संख्या म्हणण्याचा प्रघात आहे. हे विशेषण कुतूहल जागवण्यापुरतेच घ्यावे लागते, कारण या गुणधर्माचे कारण पूर्णपणे ज्ञात असून त्याची सिद्धता वर दिल्याप्रमाणे कागद-पेन्सिलीने तपासता येते.

## शिक्षणातील उपयोग

६१७४ चा उपयोग शालेय गणितात वेगवेगळ्या स्तरांवर करता येतो. प्राथमिक वर्गांत हातच्याच्या वजाबाकीचा सराव होतो आणि उत्तर आधीच माहीत असल्यामुळे चूक झाल्यास विद्यार्थ्याला ती स्वतःच ओळखता येते. माध्यमिक वर्गांत स्थानिक किंमत, ९ ची विभाज्यता आणि बीजगणितातील अक्षरांचा वापर या गोष्टी एकाच उदाहरणातून स्पष्ट करता येतात. असंख्य उदाहरणे तपासून बरोबर येणे आणि सर्व शक्यता संपवून विधान सिद्ध करणे यांतील फरकही ५४ जोड्यांच्या तक्त्यावरून दाखवता येतो. संगणकाच्या प्राथमिक प्रोग्रॅमिंगमध्ये पुनरावृत्तीच्या सरावासाठी ही कृती सोयीची ठरते.

## हेही पहा

- दत्तात्रय रामचंद्र कापरेकर
- कापरेकर संख्या
- हर्षद संख्या
- स्वयंभू संख्या
- डेम्लो संख्या
- ४९५ (संख्या)